कुठल्या आकाशाखालचा वाढदिवस?

पुण्यात ५ ऑगस्टला पहाटे पाच वाजता जन्मलेले मूल आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला राहायला गेले, तर त्याचा वाढदिवस कोणत्या दिवशी करायचा? जन्मदाखल्यावर ५ ऑगस्ट आहे, पासपोर्टवर आणि बालवाडीच्या अर्जावरही तीच तारीख आहे. पण ते मूल जन्मले त्या क्षणी न्यू जर्सीच्या घड्याळात ४ ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आजी म्हणते, तारखेचे राहू द्या, तिथी बघा. तिथीसाठी भिंतीवरचे भारतातून आणलेले कॅलेंडर पाहावे तर ते भारतातल्या सूर्योदयावर बेतलेले, आणि जवळच्या देवळाच्या पंचांगात तीच तिथी कधी एक दिवस आधी दिसते. शिवाय मुलाचे मित्र येणार शनिवारीच. घरोघरी हा प्रश्न सोयीने सुटतो आणि सुटला की विसरला जातो. मला तो थांबून पाहण्याजोगा वाटतो, कारण त्याच्या पोटात एक धार्मिक प्रश्न दडलेला आहे. परदेशात केलेला वाढदिवस ही घरच्या वाढदिवसाची जमेल तेवढी नक्कल असते, की तो आपल्या जागी पुरता असतो? माझे म्हणणे असे की तो पुरता असतो, आणि तसे म्हणण्यासाठी शास्त्र गुंडाळून ठेवावे लागत नाही. उलट शास्त्र आणि रूढी यांतच त्याला आधार सापडतो. मात्र तोच आधार काही अटीही घालतो आणि त्या आपण समजतो तितक्या सैल नाहीत.

आधी आकाशाचे बघू. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचा हिशेब. हा कोन बारा अंशांनी वाढला की एक तिथी सरते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आत आटोपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. ती सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. पुणे आणि न्यू जर्सी यांत फरक पडतो तो पुढे, ती तिथी कोणत्या वाराच्या नावावर मांडायची हे ठरवताना. सर्वसाधारण नियम असा की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. समजा, भारतात बुधवारी सकाळी नऊला पंचमी संपली. पुण्यात बुधवारी सूर्य उगवला तेव्हा ती चालू होती, म्हणून पुण्याची पंचमी बुधवारी. न्यू जर्सीच्या उन्हाळी घड्याळात मात्र ती मंगळवारी रात्री साडेअकरालाच संपलेली असते. तिथल्या बुधवारच्या सूर्योदयाला षष्ठी असते आणि पंचमी मंगळवारच्या वाट्याला जाते. गणेशचतुर्थी किंवा एकादशी अमेरिकेत कधीकधी एक दिवस आधी येते ती यामुळेच. त्यात पुरोहिताची चूक नसते, की कोणी सोय पाहिलेली नसते. तेव्हा तारीख माणसाने आखलेली आणि तिथी निसर्गाने दिलेली, अशी जी सरळ विभागणी आपण करतो ती टिकत नाही. कोन आकाशातला असला तरी पाहणारा कुठे उभा आहे हे विचारल्याशिवाय दिवस ठरत नाही.

तारखेचीही तीच गत आहे. महाराष्ट्राला हे सांगायची खरे तर गरज नाही, कारण शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या पोसला आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीला जी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जोडतात ती जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्चचा येतो. तरीही १९ फेब्रुवारीला जमणारी माणसे चुकीच्या दिवशी जमतात असे मी म्हणणार नाही. एवढेच की जन्माचा दिवस चाकासारखा फिरून पुन्हा दाराशी येतो ही कल्पना फार ताणू नये. अधिक महिन्यात जन्मलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. २०२३ साली अधिक श्रावणात जन्मलेल्या मुलाचा महिना पुढच्या वर्षी पंचांगात नव्हताच. त्याची तिथी साध्या श्रावणात धरावी लागली. त्याआधीचा अधिक श्रावण २००४ साली येऊन गेला होता. मूळ दिवस हुबेहूब परत येण्याची वाट पाहायची तर बहुतेकांना जन्मभर वाट पाहावी लागेल.

मग आपण नेमके काय करतो? देवांच्या वाढदिवसांकडे पाहिले तर उत्तर फार लांब नाही. रामाचा जन्म माध्यान्ही आणि कृष्णाचा मध्यरात्री, हे मुलांनाही माहीत असते. न्यू जर्सीतल्या देवळात कृष्णजन्माचा पाळणा रात्री बारा वाजता हलतो तो तिथल्या बाराला. मथुरेत त्या वेळी दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडून साडेनऊ झालेले असतात. मथुरेच्या मध्यरात्रीशी जुळवून घ्यायचे म्हणून अमेरिकेत दुपारी अडीच वाजता पाळणा हलवणारे देऊळ माझ्या ऐकिवात नाही आणि असे कोणी सुचवले तर भाविकांनाच ते विचित्र वाटेल. जन्म मथुरेत झाला, पण उत्सव जिथे भक्त आहेत तिथल्या रात्रीचा. साक्षात देवाच्या जन्माला जो न्याय आपण बिनतक्रार लावतो, तो चार वर्षांच्या पोराला लावताना कचरण्याचे कारण मला दिसत नाही.

संकल्पाची चाल तर याहून बोलकी आहे. कोणतेही धर्मकृत्य सुरू करताना हातात पाणी घेऊन आपण कुठे आहोत आणि काळ कोणता चालू आहे हे उच्चारावे लागते. महाराष्ट्रात जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य असे करत करत गोदावरीच्या दक्षिण तीरापर्यंत येतात, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र. अमेरिकेतले पुरोहित याच जागी क्रौंचद्वीप आणि रमणकवर्ष अशी नावे घेतात. पुराणातले क्रौंचद्वीप म्हणजे उत्तर अमेरिका हे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि भूगोलाच्या पेपरात असे उत्तर लिहिणाऱ्याला गुण मिळणार नाहीत. पण ते नाव घेताना पुरोहित एक गोष्ट कबूल करतो की आपण गोदेच्या काठी नाही. विधीची पहिली मागणी जागेच्या पावित्र्याची नसून जागा खरी सांगण्याची आहे, हे माझ्या मते सगळ्या वादातले सर्वांत वजनदार प्रमाण. यावर एक चोख आक्षेप येऊ शकतो. ज्या धर्मशास्त्राचा हवाला देता त्यानेच समुद्रोल्लंघन कलिवर्ज्य ठरवले होते, मग सोयीचे तेवढे कसे उचलता? आक्षेप मान्य, पण त्याचे उत्तर समाजाने केव्हाच दिले आहे. तो निषेध मोडून माणसे गेली, त्यांच्यामागून पुरोहितही विमानात बसले, आणि तिकडे पोचल्यावर त्यांनी कर्म सोडले नाही, संकल्पातले देशाचे नाव बदलले. जी परंपरा स्वतःच्या पत्त्यात असा फेरफार करू शकते ती परक्या मातीत मरत नसते.

आता वाढदिवसाच्या विधीकडे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, १७९० साली धर्मसिंधू लिहिला. त्यात मुलाच्या वर्धापनाचा विधी आहे. तिळाचे उटणे लावून स्नान, नवे वस्त्र, जन्मनक्षत्राची पूजा, सात चिरंजीव आणि मार्कंडेय यांचे आवाहन, षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य, आणि शेवटी तीळगूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध पिणे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये, मांस खाऊ नये, भांडण आणि हिंसा करू नये, असे निर्बंधही आहेत. ही यादी वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक, यात जन्माच्या प्रसंगाची आठवण जवळजवळ नाही. कुठल्या घरात, कुठल्या गावात जन्मलास हे कोणी विचारत नाही. सगळा रोख पुढच्या आयुष्यावर आहे. सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयाला बोलवायचे ते त्यासाठीच. दुसरी गोष्ट अशी की चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे, आणि त्याचे चिरंजीवित्व हा शाप आहे. दीर्घायुष्य मागताना ज्याला ते भोवले त्याचेही नाव घ्यायचे, यात मला आपल्या पूर्वजांचा एक कोरडा शहाणपणा दिसतो. ते असो.

वाढदिवस हे पुढे पाहण्याचे कृत्य आहे, हा केवळ आपल्याकडचा विचार नाही. परदेशातल्या वाढदिवसावर लिहिणारा सर्वांत जुना माणूस बहुधा रोमन कवी ओव्हिड असावा. सम्राट ऑगस्टसने त्याला इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या टॉमिस या गावी हद्दपार केले. आज ते गाव रुमानियात कॉन्स्टांत्सा म्हणून ओळखले जाते. तिथे त्याचा वाढदिवस आला तेव्हा त्याने एका कवितेत त्या दिवसालाच फटकारले. इथवर माझ्यामागे कशाला आलास, इथे पांढरे वस्त्र, वेदी आणि नैवेद्याची पोळी कुठली, पुन्हा येऊ नकोस, असा तिचा आशय. पण हाच ओव्हिड नंतरच्या एका कवितेत रोममध्ये राहिलेल्या बायकोचा वाढदिवस त्याच टॉमिसमध्ये साजरा करतो. तेव्हा पांढरे वस्त्र सापडते, हिरवळीच्या ढेकळांची वेदी रचता येते, धूप मिळतो. गाव तेच, समुद्र तोच. पहिल्या वेळी तो गमावलेले मोजत होता, दुसऱ्या वेळी कुणासाठी तरी आयुष्य मागत होता. परदेश अडसर झाला तो फक्त मोजणाऱ्याला. रोमनांचे आणखी एक सांगतो. सेन्सोरायनस या लेखकाने इसवी सन २३८ मध्ये जन्मदिवसावर एक पुस्तकच लिहिले. त्यात तो सांगतो की जुने लोक या दिवशी पशूचा बळी देत नसत, ज्या दिवशी आपल्याला जीव मिळाला त्या दिवशी दुसऱ्याचा घेऊ नये म्हणून. पंढरपूरचे शास्त्री आणि रोमचे पंडित यांची गाठ पडणे शक्य नव्हते, तरी दोघे एकाच निर्बंधाशी येऊन थांबतात.

वेदान्ती इथे घसा खाकरेल. आत्मा जन्मत नाही आणि मरत नाही हे गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात सांगितले आहे, मग देहाच्या जन्माचे एवढे कौतुक कशाला? देह वर्षाने म्हातारा झाला याचा आनंद मानणे हे अज्ञानच. ख्रिस्ती परंपरेतही असा सूर होता. तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणत असे की बायबलात वाढदिवस साजरा करताना दिसतात ते फॅरो आणि हेरॉड, संत कोणी नाही. यहोवाज विटनेस पंथाचे लोक आजही वाढदिवस करत नाहीत. या आक्षेपाला मी हलके मानत नाही, पण ज्याच्या तोंडी गीता आहे त्याचाच जन्म आपण दरवर्षी पाळणा हलवून, सुंठवडा वाटून करतो याचे काय? जो अज आहे त्याचाही जन्म साजरा होतो, कारण उत्सव तत्त्वाचा नसतो, नात्याचा असतो. आत्म्याला आशीर्वाद लागत नाही. तो लागतो ताप येणाऱ्या, पडणाऱ्या, रस्ता ओलांडणाऱ्या देहाला, आणि मुख्य म्हणजे त्याच्या काळजीत असलेल्या माणसांना. अद्वैत पटलेल्या घरातही पोराला ताप आला की थर्मामीटर शोधतातच.

आणि मुलाला स्वतःला काय वाटते? टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून विचारले होते की वाढदिवस झालाच नाही तर ते मूल किती वर्षांचे. बऱ्याच मुलांच्या मते ते मागच्याच वयाचे राहिले, पार्टी नाही तर वय नाही. मोठ्यांना हसू येते, पण मीमांसाकार जैमिनीला आले नसते. कर्म केले की फळ उपजते, न केले तर नाही, ही मीमांसकांचीच भूमिका. या अर्थी लहान मूल उपजत मीमांसक असते आणि ते अर्धे बरोबरही असते. हाडे पार्टीवाचून वाढतात, पण ‘आता तू चार वर्षांचा झालास’ हे सगळ्यांनी मिळून मान्य करणे ही माणसांनी घडवायची गोष्ट आहे. ती आपोआप होत नाही, आणि जिथे माणसे आहेत तिथेच होऊ शकते. दूरच्या गावचा दिवस आठवून होत नाही.

सगळ्यात तापट वाद मेणबत्तीचा. ओवाळायच्या दिवशी ज्योत फुंकून विझवायची हे अशुभ, शिवाय ती चाल ख्रिस्त्यांची, असे म्हणणारे वडीलधारे प्रत्येक मराठी घरात एखादे तरी असतात. दुसरा भाग इतिहासाला धरून नाही. वयाइतक्या मेणबत्त्या लावण्याची चाल अठराव्या शतकातल्या जर्मनीत दिसते. काउंट झिंझेनडॉर्फच्या १७४६ सालच्या वाढदिवसाच्या वर्णनात ती आहे, आणि १८०२ मध्ये गटेच्या वाढदिवसाच्या केकवरही मेणबत्त्या होत्या. बाप्तिस्मा किंवा प्रार्थना यांच्याशी तिचा संबंध नाही. ती जर्मन घरांतली हौस होती आणि पुढे बेकऱ्यांबरोबर जगभर गेली. पहिला भाग मात्र मी उडवून लावणार नाही. फुंकण्यात एक उरकून टाकणे आहे, ओवाळण्यात मागणे आहे, आणि दोन्ही एकाच ताटात मांडले तर मुलाला कळायला हवे की कशात काय आहे. उष्ट्याचा मुद्दाही आहेच. केकवर फुंकर घालून तोच पाहुण्यांना वाटणे आपल्या आज्यांना कधी पटले नाही, आणि आता बरेच अमेरिकन पालकही मेणबत्तीसाठी वेगळा छोटा कपकेक ठेवतात. न्यू जर्सीतल्या फ्लॅटमधले औक्षण डोळ्यांपुढे आणा. पाट नाही म्हणून प्लॅस्टिकची बुटकी खुर्ची, कार्पेटवर रांगोळी टिकत नाही म्हणून खाली स्टिकर, तबकात सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू आणि तुपाचे निरांजन, आणि छतावर धुराची घंटा, जिच्या धाकाने निरांजन खिडकीपाशी नेऊन लावलेले. यात कुठेही नक्कल नाही. पूर्व तिथेही पूर्वच आहे, तूप तूपच आहे, आणि मागणे तर कुठल्याच मातीचे नसते.

तर मग काहीही चालेल का? नाही, आणि इथे मी सोयीच्या बाजूने उभा नाही. संकल्प खरा सांगायचा असेल तर औक्षण त्याच दिवशी व्हायला हवे, त्या ठिकाणच्या पंचांगाने किंवा त्या ठिकाणच्या तारखेने, पण त्या दिवशी. शनिवारच्या हॉलमधल्या मेळाव्याला माझी हरकत नाही, तो मेळावा आहे. मंगळवारची तिथी शनिवारी उच्चारणे मात्र खोटे बोलणे आहे आणि देवापुढे ते विशेष वाईट दिसते. तिथी आणि तारीख दोन्ही पाळणाऱ्यांना मी दुटप्पी म्हणणार नाही. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत बादशहाची तुला वर्षातून दोनदा होत असे, एकदा सौर जन्मदिवशी आणि एकदा चांद्र. दोन्ही वेळचे धन वाटून टाकले जाई. दोनदा घेण्यासारखे तिथे खरे हे वाटणेच आहे. परदेशातल्या वाढदिवसात उलटेच होते. पाहुणी मुले भेट आणतात, जाताना प्लॅस्टिकच्या खेळण्यांची पिशवी घेऊन जातात, हिशेब चुकता. शाळेत घरचा लाडू चालत नाही, कारण शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असलेली मुले असतात आणि पाकिटावर घटकांची यादी लागते. पण गावातल्या अन्नछत्राला तांदळाची पिशवी द्यायला कुठलीच ॲलर्जी आड येत नाही. धर्मसिंधूतला दहीभात षष्ठीदेवीचा, आणि षष्ठी सगळ्याच मुलांची राखणदार. शेजारच्या टोमास किंवा आयशालाही त्यात वाटा आहे असे मानले तर विधी मोडत नाही, त्याचा अर्थ आणखी पुढे जातो.

आजीचे काय, हा शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप. न्यू जर्सीत संध्याकाळी आठला औक्षण सुरू झाले की पुण्यात दुसऱ्या दिवसाची पहाट असते आणि आजी पडद्यावर हात जोडून बसलेली असते. ती तिथे नाही ही उणीव कुठल्याही युक्तिवादाने भरून निघत नाही, आणि निघते असे मी म्हणत नाही. पण तिच्यासाठी पुण्याच्या मुहूर्ताची बतावणी करू नये. आशीर्वाद ही वाणी आहे, ती ऐकू गेली की पोचली. ओवाळणे हे हाताचे काम आहे आणि ते हजर असणाऱ्यानेच करावे. आजीने बोलावे, आईने किंवा बाबाने ओवाळावे. त्यात दोघांचेही काम चोख होते. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात, त्यामुळे या मुलाची तिथी आणि तारीख एकोणिसाव्या वर्षी पुन्हा एकत्र येतील, फार तर एका दिवसाचा फरक पडेल. तेव्हा कोणता दिवस धरायचा यावरून घरात वाद उरणार नाही. तोवर ते मूल बहुधा कॉलेजच्या वसतिगृहात असेल, जिथे मेणबत्ती आणि निरांजन दोन्हींना सारखीच बंदी असते.